गाडी पाहुणी आहे

४ सप्टेंबर
गाडी घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता, "तू फक्त चालव, कागदपत्रांचं मी बघतो." इतकी वर्षं झाली, अजून तोच बघतो. म्हणजे आमचं व्यवस्थित चाललंय. ताईच्या गावात मी आलेय ती निव्वळ हवापालटाला.

आज सिग्नलला पोलिसाने अडवलं. परराज्याची नंबर प्लेट; या परदेशात राज्य बदललं की विमाही बदलावा लागतो. फोनवर विम्याचं कार्ड दाखवलं. म्हणाला, इथे राहत असाल तर महिन्याभरात इथला विमा काढा. मी पाहुणी आहे म्हटलं. त्याने मागच्या सीटवरचे पडद्याचे रॉड आणि इस्त्रीचं टेबल पाहिलं. म्हणाला, "पाहुण्या तयारीने आल्यात."

खवचट.

९ सप्टेंबर
ताई म्हणते, अगं, नोकरी धरलीस, खोली घेतलीस, पाहुणी कसली? म्हटलं, तात्पुरतं आहे सगळं. म्हणे, "तात्पुरत्याला कुणी मापाचे पडदे शिवतं का?" लहान बहिणीला टोचून बोलणं हा तिचा छंदच आहे.

निश्चय: नवऱ्याला आपण फोन करायचा नाही. तोच करेल.

१५ सप्टेंबर
मी इथली नाही हे सिद्ध करायला वाहन नोंदणीच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, रात्री गाडी कुठे उभी असते? इथे. पगार कुठे मिळतो? इथेच. "मग तुम्ही इथल्याच की." म्हटलं, मनाने तिकडचीच आहे. त्या म्हणाल्या, "मनाचा विमा कोण मागतंय? गाडीचा आणा." तिकडची पॉलिसी चालणार नाही म्हणे.

बाई स्वभावाने चांगल्या. नियम अर्धवट.

२१ सप्टेंबर
उपाय सापडला! सकाळी गाडी राज्याच्या हद्दीपलीकडे नेली. पहिल्याच पंपावर पेट्रोल भरलं, कॉफी प्यायले, परत. इथला मुक्काम मोडला, महिना आजपासून नव्याने सुरू. पावती जपून ठेवलीय.

तिथून आमचं घर दोन तासांवर. जाऊन आले असते. पण पडदे वाळत घातले होते.

२२ सप्टेंबर
खिडकीतल्या बाईंनी पावती शेजारच्या टेबलावरही दाखवली. सगळे बराच वेळ हसले. म्हणाल्या, "महिना असा मोडत नसतो हो."

३० सप्टेंबर
जुन्या विमा एजंटला फोन केला, पॉलिसी इकडे कशी चालवून घ्यायची ते विचारायला. तो गोंधळला. म्हणाला, "वहिनी, साहेबांनी ऑगस्टमध्येच कळवलं ना, गाडी आणि तुम्ही आता तिकडेच असता म्हणून. गाडी आणि तुमचं नाव, दोन्ही आम्ही पॉलिसीतून काढलंय. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं असेल. माझ्याच लक्षात नसेल.

म्हणजे पोलिसाला दाखवलं ते कार्ड नुसतंच चित्र होतं.

१ ऑक्टोबर
गाडी जागेवरून हलवली नाही. ऑफिसला चालत. व्यायाम होतो.

३ ऑक्टोबर
इथला विमा काढला. एजंट मुलगी गोड आहे. तिने विचारलं, मिस्टर याच पत्त्यावर राहतात का? तूर्त नाही, म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, इथे हो किंवा नाही एवढंच आहे. तूर्त नाहीये."

नाही.

८ ऑक्टोबर
विम्याचा दाखला पाहून खिडकीतल्या बाईंनी नव्या नंबर प्लेट दिल्या. या वेळी हसल्या नाहीत. जुन्या काढून परत आणून द्या म्हणाल्या. घरी येऊन स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्क्रू पार गंजलेत, जाम हलत नाहीत.

भावोजी म्हणाले, "आण इकडे, पाच मिनिटांचं काम आहे." ताईने टोमणा न मारता चहा टाकला, हे वाईट. मी म्हटलं, राहू द्या, होईल.

रात्रभर विचार करून पाठवण्यापेक्षा नवऱ्याला मेसेज आत्ताच पाठवला. नाही म्हणेल, माहीत आहे. चार तासांचा रस्ता, तोही दोन स्क्रूंसाठी.

"गाडीची जुनी प्लेट माझ्याने निघत नाहीये. येऊन काढून देशील?"