खरवडलेले आकडे

आबा, आज मी नातीच्या जुन्या लॅपटॉपची पाठ उघडली आणि तुमच्यावरचा राग पुन्हा ताजा झाला. माणूस गेलं की वैर संपतं म्हणतात. माझं संपलेलं नाही.

खापर गावच्या बाजारातलं तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पार मोलगीकडून माणसं जीपला लटकून यायची. रेडिओ तुम्ही नीट करायचात, आणि झाकण लावण्याआधी आतल्या ट्रान्झिस्टरवरचे आकडे ब्लेडने खरवडून टाकायचात. पुन्हा बिघडला तर दुसऱ्या मिस्त्रीला आत काय बसवलंय ते कळू नये, गिऱ्हाइकाने तुमचंच दार वाजवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचात. मी स्टुलामागे मान लांबवून उभी आहे, तुम्ही पाठ फिरवता. "जाय, चा मांड. हाई पोरीसनं काम नही." किती चहा उकळले मी, आबा!

लग्नात तुम्ही मला रेडिओ दिलात. दुसऱ्याच वर्षी तो मुका झाला. तोवर रद्दीतली पुस्तकं वाचून, भंगारातले रेडिओ उसकटून मी थोडं शिकले होते. सासरी चारचौघांत ऐटीत पाठ उघडली. आत एकाही ट्रान्झिस्टरवर आकडा नाही. पोटच्या लेकीच्या रेडिओलाही ब्लेड! जावा तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "बिघडना का लई ये मन्हाकडे." मी आणला नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हाही आणला नाही.

आता हा लॅपटॉप. नात डी.एड. करते. तो चालू होईपर्यंत माझ्या दोन भाकरी थापून व्हायच्या. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. मी म्हटलं, दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं आहे, तिच्या जागी एसएसडी बसवू, घोडं पळेल. पण त्याच डिस्कमध्ये तिने दोन वर्षं लिहिलेले शिकवण्याचे सगळे पाठ, आणि ते पुढच्या आठवड्यात दाखवायचे. माझा हात चुकला तर पोरीची मेहनत पाण्यात. सकाळपासून केबल लावून सगळं नव्यावर उतरवलं. मग बॅटरी काढली, स्क्रू ज्या जागचे त्या क्रमाने ताटात मांडले. जुनी डिस्क सरकवणार, तोच नात खांद्यावरून वाकली. "आजी, मले बी दखाड ना."

आणि माझ्या तोंडून निघालं, "जाय, चा मांड."

ती गॅसकडे गेली. मी एसएसडी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं. चहाला उकळी फुटायच्या आत पडदा उजळला. तिचे पाठ सगळे जागच्या जागी. आणि मग मलाच माझी लाज वाटली. सगळं पुन्हा बंद केलं, उघडलं, एसएसडी काढून हातात धरली आणि तिला हाक मारली. म्हटलं, अजून बसवली नाही, ये, तू बसव. तिने बसवली. पडदा उजळला तशी ओरडली, "आजी, पहिल्याच फटक्यात!" मी म्हटलं, हो गं बाई, तुझा हात गुणाचा.

हे पत्र त्या मुक्या रेडिओच्या पाठीत ठेवून झाकण लावणार आहे. तुम्हाला माफ केलेलं नाही, आबा. फक्त एक कबूल करते. ती गॅसपाशी उभी होती आणि मी दाराकडे पाठ करून एकटीच बसवत होते, तेवढा वेळ मला फार बरं वाटलं होतं.