सातच्या खालचं परत पाण्यात

तीर्थस्वरूप सुनरेताईस, धाकट्या मूनओकचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्धीच वाकते. उरलेली मनातल्या मनात वाकवली आहे, तेवढं मानून घे.)

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की अजून शेजाऱ्यांना उठवतोय? मागे फोनवर तू हसत हसत म्हणालीस, की बुडी मारताना कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला आणि जेवण मात्र अर्ध्या वाडग्यावर आलंय. बुसानचं पाणी अंगी लागलं, म्हणालीस. मीही हसले. मग तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ तो तसाच कानाला लावून बसले. पत्र एवढ्यासाठीच, की फोनवर दवाखान्याचं नाव काढलं रे काढलं की तुझ्या गॅसवर नेमकं काहीतरी करपायला लागतं.

तर झालं असं, की आमच्या शंखांसाठी बुडी मारणाऱ्या बायकांच्या सोसायटीने यंदा साठी उलटलेल्या सगळ्यांना पोट तपासायला जेजू शहरात पाठवलं. मला काही होत नव्हतं बाई. उगाच एक दिवस समुद्राचा बुडाला. तिथे गेल्यागेल्या हुकूम झाला, चार पेले पाणी प्या आणि मोरीकडे फिरकू नका. आता तूच सांग, चाळीस वर्षांत बुडीआधी आपण कधी पाण्याचा घोट घेतलाय? (रबरी पोशाख चढवल्यावर काय हाल होतात, ते आपल्यालाच ठाऊक. भावोजी वाचून दाखवत असतील तर एवढं वाक्य त्यांनी गाळावं.) मी प्याले. पोटाचा नगारा झाला. मग एका बाईंनी पोटावर असला गारढोण लेप थापला, की मला मार्चमधला आपला खडक आठवला. त्यावरून त्या यंत्राची एक मूठ फिरवू लागल्या आणि समोरच्या पडद्यावर करडं करडं काहीतरी हलायला लागलं.

ताई, मला एकदम घरी आल्यासारखं झालं! आपल्या चुलतभावाच्या बोटीवर मासे दाखवणारी पेटी नाही का, हुबेहूब तीच. तळ दिसतोय, खडक दिसतोय, मध्ये काळंभोर पाणी. मी लगेच शिकवणी सुरू केली. म्हटलं, अहो इकडे वळा, त्या कपारीत काहीतरी बसलंय बघा. त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, तेच बघतेय मी." मग मूठ त्याच जागी फिरवत त्यांनी विचारलं, आईला काय झालं होतं? मी सांगितलं, पोट. पन्नाशीत तिचा पट्टा सैल होत गेला, बुडीनंतर शेकायच्या खोलीतल्या बायका तिला चिडवायच्या, की या वयात पाळणा हलतोय वाटतं, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. पुढल्या हिवाळ्यात ती नव्हती. बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, डाव्या अंडाशयावर सावली दिसतेय, एमआरआय करू या.

एमआरआय म्हणजे एक पांढरी गुहा. आत आडवं घालतात, कानाला बोंडं लावतात आणि बाहेर बसलेली दुसरी एक बाई तिथून बोलते. ती म्हणाली, श्वास रोखायला जमेल का आजी? (आजी! एकसष्टाव्या वर्षी!) म्हटलं, किती? वीस सेकंद, म्हणाली. वीस सेकंदांत मी डोळ्यांवरची काच नीट करते गं! पण वाद घातला नाही. तिने "रोखा" म्हटलं आणि मी रोखला.

आणि काय सांगू तुला. डोळे मिटले आणि मी खाली गेले. यंत्र धाडधाड वाजत होतं, तो आवाज हळूहळू वर राहिला. खाली सगळं हिरवट, उजेड तिरपा उतरलेला, लांब पाल्याची झाडं एका अंगाला झुकलेली, आणि थंडी म्हणून नाही. आपल्या गावाखालचीच ती कपार होती. तिथे आई बसली होती. केस मोकळे, तोंडावर काच नाही, आणि श्वासाची तर तिला काही घाईच नव्हती. मांडीवर तिचा शिशाचा पट्टा. आरी घेऊन त्यात एकेक नवं भोक पाडत होती, अगदी निवांत, दुपारी दारात बसून शेंगा सोलाव्यात तशी. मी जवळ गेले. मला तिला सांगायचं होतं, की आई, भोकं पाडू नकोस, वर चल. पण पाण्यात बोलता कुठे येतं? मी नुसती तिचा हात धरून राहिले. इतकं बरं वाटत होतं ताई, इतकं बरं, की वरून कुणीतरी "सोडा, श्वास सोडा" म्हणत होतं ते मी ऐकलं आणि सरळ कानाआड केलं. वरच्यांनी सांगितलं म्हणून आपण कधी वर आलोय? काम झालं की आपण येतो.

शेवटी आईनेच माझा हात सोडवला आणि वर बोट दाखवलं. मी आले. आणि वर आल्यावर आपण जे करतो तेच केलं, छाती रिकामी करत ती लांब शिट्टी घातली. त्या गुहेत ती अशी घुमली, की मीच दचकले. तोवर बाहेरच्या बाईने यंत्र बंद पाडून, दार उघडून आत धाव घेतली होती. (छाती हलताना दिसेना, म्हणून तिने मला परस्पर पोचवलं होतं.) शिट्टी तिच्या कानाशीच वाजली. ती मटकन खाली बसली. "आजी, आहात ना?" म्हणाली. म्हटलं, मी आहे, तुझं काय? मग मीच तिला पाणी पाजलं. सगळी चित्रं पुन्हा काढावी लागली. त्या वेळी ती दर वीस सेकंदांनी "आता सोडा हं, पाया पडते" म्हणत होती.

मग डॉक्टरीणबाई. गोड मुलगी, तिची आजीही आपल्यासारखीच बुडी मारणारी. तिने पडद्यावर दाखवलं, हे बघा मावशी, इथे. मी विचारलं, केवढं? चार सेंटिमीटर. म्हटलं, मग सोडून द्या की! सोसायटीचा नियमच आहे, सात सेंटिमीटरच्या खालचा शंख परत पाण्यात, लहान आहे तोवर हात लावायचा नाही. ती खळखळून हसली. मग हसू आवरून तिने माझा हात धरला. म्हणाली, "मावशी, याचं उलटं असतं. हे लहान आहे तेव्हाच धरायचं. मोठं होऊ दिलं तर ते एका कपारीत बसत नाही, सगळीकडे पसरतं." काढून तपासल्याशिवाय ते साधं की वाईट, हे कळणार नाही म्हणे. मी म्हटलं, संत्र्यांची तोडणी होऊ दे, मग बघू. आणि घरी आले. माझ्या पोटात आहे, नियम माझा चालणार. तेव्हा काळजीचं कारण नाही.

भावोजींना नमस्कार. थंडीत पाण्यात फार वेळ राहू नकोस.

तुझी,
मूनओक

ता. क. संत्र्यांची पेटी वेगळी पाठवली आहे. वरची आंबट आहेत, ती शेजाऱ्यांना दे.

ता. क. पुन्हा. वर थोडं खोटं लिहिलं आहे. सोसायटीने कुणाला पाठवलं नाही. मी आपणहून गेले. तुझा पट्टा ऐकून गेले. आणि घरी येऊन तीन दिवस शंख मोजायची कडी हातात घेऊन बसले, चौथ्या दिवशी दवाखान्यात फोन केला. पुढच्या मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. मला भीती वाटते ताई. खाटेशेजारी सोबतीच्या माणसाचं बाकडं असतं, तिथे दुसरं कुणी नको. तू ये.

ता. क. शेवटचा. आलीस की कळेलच, म्हणून आधीच सांगते. बुधवारी सकाळी दहाला तुझं नाव लावलं आहे. त्याच बाई, तोच लेप. चिडशील, चीड. पण ऐक. लहानपणी त्या खडकावरून तू आधी मला ढकलायचीस, पाणी गार आहे का बघ म्हणून. मी दात वाजवत ओरडायचे, नाही, गार नाही! आणि मग तू उडी मारायचीस. या वेळी खोटं सांगत नाही. गार आहे, खूप गार आहे. पण मी आत उभी आहे. ये.