धनगरवाडीचा नळ

वाघमाथा, नोव्हेंबर १९५३

प्रिय ग्रेसी,
प्रभू तुम्हां सर्वांना सुखी ठेवो.

माझा खोकला बरा झालाय, काळजी नको. इथे डोंगरमाथ्यावर झरा, बाजार आणि नगरपालिका. खाली उतारावर धनगरवाडी. झऱ्याचा नवा नळ बाजाराला द्यायचा की वाडीला, यावर सभेत वाद चालला होता. तेवढ्यात वाडीतली म्हातारी धोंडाई रिकामी घागर घेऊन आत येऊन बसली.

अध्यक्षांनी विचारलं, "आजी, काय पाहिजे?"

"काही नाही. चढून दमले. तुमचं चालू द्या."

मग अध्यक्षांनी लगेच मतं घेतली. नळ वाडीला मिळाला.

तो टाकायचं काम मी घेतलंय, म्हणून नाताळला घरी वटारला येणं होणार नाही. केळीला पाणी कोण देतं? आपला पास्कल माझी वाट बघतो का?

तुला आधी विचारायला वेळ नव्हता. खरं तर धीर नव्हता.

तुझाच,
सेबेस्टियन