बाबांची हाक

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? मी बरी आहे. खांदा थोडा दुखावलाय, कुंपणावरून पडले म्हणून. पण एका जागी बसवत नाही.

आज सकाळी आम्ही शिकारविरोधी मंडळी कॅमेरे घेऊन पुन्हा तुमच्या जुन्या शिकारवाल्यांच्या मागावर होतो. कोल्ह्याची शिकार कायद्याने बंद, म्हणून “कुत्र्यांसाठी नुसतं वासाचं फडकं ओढत नेलंय, कोल्हा नाहीच,” असं ते पोलिसाला सांगत होते, आणि इकडे कुत्री खऱ्या कोल्हीच्या मागे! ती दमून माझ्यासमोरच चर्चच्या भिंतीशी आली. मला काही सुचेना. कुत्र्यांना माघारी बोलवायची तुमची ती लांब हाक मी घातली.

बाबा, सगळी कुत्री थबकली आणि माझ्याकडे वळली. कोल्ही निसटली.

तुमच्या हाताखाली शिकलेला डेन्झिल आता तुमच्या जागी मुख्य शिकारी आहे. तो घोडा दामटत आला. “लाज नाही वाटत? तुझ्या बापाची हाक आहे ही! त्याला कळलं तर?”

“मीच कळवते,” मी म्हटलं.

म्हणून हे पत्र. या शिकारीवरून आपलं भांडण झाल्यापासून, दोन वर्षं, तुमचा आवाज ऐकला नव्हता. आज तो माझ्याच तोंडून ऐकला आणि रडू आलं. रागवा, पण फोन करून रागवा.

तुमचीच,
टॅमसिन