काकांनी कॉम्प्युटर उघडला

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस काकाचे अनेक आशीर्वाद,

फोन असताना हे पत्राचं काय नाटक, म्हणशील. फोनवर बोललो की तुझी काकू शेजारच्या खोलीतून निम्मं ऐकते आणि निम्मं मनाने जोडते, म्हणून हा उपद्व्याप. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर धाड.

सांगायचं ते आधी सांगून टाकतो. माझा उजवा हात थरथरायला लागलाय. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जरा आवरेल, पण वाढत जाणार. बारीक काम फार तर आणखी वर्षभर. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय मी, दुसरं काही येत नाही. तेव्हापासून काम करताना कॅमेरा लावून ठेवतो. एकेक घड्याळ, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्यापर्यंत. एकेचाळीस झाली. माझ्याकडे शिकायला कुणी टिकलं नाही, निदान बघून तरी कुणी शिकावं. हे काम माझ्याबरोबर संपलं तर मला फार वाईट वाटेल गं.

आता ते सगळं कापून, जोडून नीट करायचंय. तू दिवसभर हेच काम करतेस, पण तुझ्याकडे देणार नाही. जिथे हात थरथरलाय ते तुकडे कुणी बघायच्या आत मलाच काढून टाकायचेत. तर घरी हे करायला कुठला कॉम्प्युटर घ्यावा? एका दुकानदाराने निळे-जांभळे दिवे लागणारं खोकं दाखवलं. आतून बघू द्या म्हणालो तर त्याचा चेहराच उतरला. काकूला सांगितलंय की घरचे जुने व्हिडिओ नीट करायचेत.

आठवण ठेव, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका

१० फेब्रुवारी

ती. काकांना भिंगरीचा शि. सा. नमस्कार,

पत्र वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडून आले. आता कामाचं बोलते, नाहीतर चिडाल. काकूला सांगा एवढंच म्हणते, ऐकणार नाही हेही माहीत आहे.

लॅपटॉप नको, टेबलावरचा डेस्कटॉपच घ्या. दिव्यांकडे ढुंकून बघू नका. प्रोसेसर निदान आठ कोअरचा. रॅम बत्तीस जीबी. सोळात भागेल असं दुकानदार म्हणेल, पण भागत नाही, तासाभराचा व्हिडिओ उघडला की मशीन धापा टाकतं. ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं, मधल्या किमतीचं पुरे. काम करायला एसएसडी आणि साठवायला दोन मोठ्या हार्ड डिस्क, एक आत, एक बाहेरून जोडायची. सगळं दोन्हीकडे उतरवल्याशिवाय कॅमेऱ्याची कार्डं पुसायची नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. आणि मॉनिटरवर कंजुषी करू नका. पितळ कुठलं नि सोनं कुठलं हे त्यात दिसलं पाहिजे.

गोळ्या वेळेवर घेताय ना? काकूला नमस्कार सांगू नका, पत्र आल्याचं कळेल. तुमच्या पाठीशी आहेच, लोभ असू द्या.

तुमची भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद,

तुझ्या यादीप्रमाणे सगळं घेतलं, फक्त बाहेरची डिस्क पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं. तिथेच माती खाल्ली.

तुला माझी सवय माहीत आहे. नवंकोरं घड्याळसुद्धा मी आधी उघडतो, कारखान्यातलं तेल पुसतो, मगच वापरायला देतो. कॉम्प्युटरही उघडला. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामध्ये करडा, चिकट राप बसला होता. नव्या यंत्रात ही घाण, म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली आणि स्पिरिटने लख्ख पुसून काढलं. आता सुरू केला की चार मिनिटांत बंद पडतो. एकेचाळीसच्या एकेचाळीस आतच आहेत. कार्डं मी आधीच पुसलीत.

हात जाणार हे मी कसंबसं पचवलं होतं. हे पचत नाही. पुन्हा चित्रण करायचं तर तो हात आता राहिला नाही. घास उतरत नाहीये. वाट बघतोय.

काका

७ मार्च

ती. काकांना शि. सा. न.,

आधी सुटकेचा निःश्वास टाका. काहीही गेलेलं नाही. तो राप म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप. तो नसला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. डिस्कला धक्काही लागलेला नाही. लोक वर्षानुवर्षं धूळ झटकत नाहीत, आणि तुम्ही नव्या मशीनला आंघोळ घातलीत. धन्य आहात.

लेपाची छोटी ट्यूब मिळते. मटारच्या दाण्याएवढा मधोमध टाका, पंखा सरळ बसवा, चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. मी रविवारी येऊ शकते. पण हे तुम्हालाच जमेल असं मला मनापासून वाटतं. टॉर्च धरायला कुणीतरी घ्या.

तुमचीच, काळजीत पण हसत,

भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस खूप खूप आशीर्वाद,

चालतोय. काल सहा तास चालला. एकेचाळीसही सुखरूप. बाहेरची डिस्क त्याच दिवशी आणली, आता सगळं दोन ठिकाणी आहे. आज पोटभर जेवलो.

टॉर्च काकूने धरला. मी कोपर टेबलाला टेकवून, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि चार स्क्रूंना पाऊण तास घेतला. झाल्यावर काकू म्हणाली की तुम्ही शर्टाची बटणं लावायला वेळ घेता तेव्हापासून मला कळलंय, कधी सांगता याची वाट बघत होते. मग यथेच्छ झापलं. छातीवरचा दगड उतरला बघ.

आता काप करायला बसतो. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात हे तू सांगितलं नव्हतंस. बोट कीबोर्डच्या कळीवर थरथरतं, पण कळ दाबली की काप मला हवा त्याच चित्रावर पडतो. नऊ-दहा महिन्यांनी माझ्या हातून काहीतरी नेमक्या जागी बसलं.

काल एकोणतिसावं घड्याळ घेतलं. त्यात केसाएवढी स्प्रिंग दोनदा चिमट्यातून निसटते. तेच तुकडे मला काढायचे होते. काकू शेजारी बसली होती. मी तो भाग चार वेळा पाहिला. दुसऱ्यांदा निसटल्यावर मी चिमटा खाली ठेवतो, हात टेबलावर पालथा टाकतो, बराच वेळ नुसता बसतो, आणि मग स्प्रिंग बसवतो. तो सगळा भाग तसाच ठेवलाय. शिकणाऱ्याचाही हात कधीतरी थरथरेल.

तुझा काका