नऊ नंबरांची यादी

लालबाग,
८ फेब्रुवारी १९५६

ती. चिंतामणीमामांस,
राधाचा शि. सा. न. वि. वि.

वहीच्या एका पानाने नऊ माणसांची नोकरी गेली, तर ते पान लिहिणारीने त्यांच्या बायकांसमोर नळावर कसं उभं राहायचं? मला उत्तर येत नाही, मामा. बी.ए.ला असला प्रश्न नव्हता. मामीचा खोकला कमी झाला का? आईने तिच्यासाठी कुळथाचं पीठ बांधून ठेवलं आहे.

हे तोंडाने सांगायला फणसवाडीलाच आले असते, पण अण्णा मला चाळीबाहेर सोडत नाहीत आणि खोलीत आठ माणसं. म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात मोर्चांवर गोळीबार सुरू झाला तेव्हा जखमींना उचलून दवाखान्यात न्यायला चाळीतल्या दहा जणांनी पथक केलं. शेजारच्या जाईबाईंचा मुलगा कोंडीराम त्यांचा पुढारी. त्याला लिहिता येत नाही, म्हणून यादी करायला तो माझ्याकडे आला. चाळीत गणपत तीन आणि विठ्ठल दोन. घोटाळा नको म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे मी त्याच्या गिरणीतल्या तिकिटाचा नंबर घातला. नंबर अण्णांनी सांगितले. तीस वर्षं त्याच गिरणीच्या साचेखात्यात मागांवर काढली, त्यांना सगळे पाठ. कोंडीराम बदली कामगार. त्याला कायमचं तिकीट नाही. त्याचं नाव तेवढं नुसतंच राहिलं. कागद इतका नीटनेटका दिसत होता की मी दोनदा वाचला.

लाठीमारात कोंडीरामचा पाय मोडला आणि पोलिसांना त्याच्या खिशात ती यादी मिळाली. आठ दिवसांनी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. दंगलीत भाग घेतला म्हणून नऊ नंबर कमी केले. आता चाळ म्हणते, नऊ जणांना काढलं आणि याला कसं सोडलं? यानेच तोंडाने नावं सांगितली आणि पोलिसांनी लिहून घेतली. जाईबाईंना नळावर उभं राहू देत नाहीत. म्हातारी भायखळ्याच्या बाजूच्या चाळीतून पाणी आणते.

यादी माझी, हे फक्त अण्णांना आणि कोंडीरामला ठाऊक. तुम्ही तिसरे.

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू द्यावा.
आपली,
राधा

फणसवाडी,
१० फेब्रुवारी १९५६

चि. राधास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीचा खोकला आहे तसाच. ती म्हणते, कुळीथ पाठवायचं असेल तर पिठी करून पाठव, भाचीबाईंच्या हाताला चव आहे की नुसतीच पदवी ते कळेल.

वीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवतोय. मजकूर कुणाचा हे कुणी खिळे जुळवणाऱ्याला विचारत नाही. तूही दुसऱ्याने सांगितलं ते लिहिलंस, एवढंच. एक मार्चला तुला शाळेत हजर व्हायचं आहे. नेमणुकीच्या कागदावर पोलिसांचा दाखला मागितला आहे, तो तूच मला वाचून दाखवलास. आपल्या दोन्ही घरांत आजवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नाही. तेव्हा गप्प बस. लोक महिन्याभरात विसरतील.

सीतारामभावजींना नमस्कार. वेडेपणा करणार नाहीस, या भरवशावर आमची माया आहे.
तुझा,
मामा

लालबाग,
१३ फेब्रुवारी १९५६

ती. मामांस,
राधाचा शि. सा. न. वि. वि.

लोक विसरत नाहीत. परवा तिघांनी कोंडीरामला जिन्यात गाठून मारलं. पायाचं प्लास्टर फुटलं. मारणाऱ्यांत गणपतही होता. त्याच्या घरात चार मुलं आहेत आणि आठ दिवस नुसती पेज. मला त्याचाही राग धरता येत नाही.

काल कामगारांचे वकील आले होते. म्हणाले, यादी पथकाची होती, दंगलीची नव्हे, असं ती लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर नऊ जणांना परत घ्या असं म्हणता येईल. सुनावणी शनिवारी आहे. पथकाच्या माणसांच्या शब्दाला तिथे किंमत नाही. गॅलरीत सगळे होते. मी दाराआड उभी होते आणि बाहेर आले नाही. हे मी तुम्हाला लिहिते आहे, यापेक्षा जास्त लाज मला अजून वाटायची आहे.

रात्री पाणी द्यायचं निमित्त करून जाईबाईंकडे गेले. कोंडीरामला विचारलं, सांगून का टाकत नाहीस? चौकीत त्याला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, तरी बोलला नाही. म्हणाला, "बाई, माझी बदली हाय, आज काम हाय, उद्या नाय. आमच्या चाळीत एक मास्तरीण तरी होऊ दे." जाईबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

अण्णा जेवत नाहीत. नंबर त्यांनी सांगितले हे बाहेर आलं तर त्यांचंही तिकीट जाईल. मला एकच म्हणतात, "चेडवा, येक म्हयनो गप रव." माझ्या बापाने माझे पाय धरायचे बाकी ठेवले आहेत, मामा. काय करू ते सांगा.

मामीला नमस्कार. लोभ असावा, मी लायक असेन नसेन.
आपली,
राधा

फणसवाडी,
१५ फेब्रुवारी १९५६

चि. राधास,
अनेक आशीर्वाद.

काही करू नकोस. कुठे सही करू नकोस. मी रविवारी येतो, मग तू, मी आणि भावजी बसून बोलू. रविवारी शनिवार होऊन गेलेला असेल, हे मला कळतं. कळूनच लिहितो आहे. कोंडीराम चांगला माणूस आहे, पण तो माझ्या बहिणीच्या पोटचा नाही. मला वाईट म्हणायचं तर म्हण.

तोवर माझ्या शब्दात राहा, एवढाच लोभ मागतो.
तुझा,
मामा

लालबाग,
१७ फेब्रुवारी १९५६

ती. मामांस,
राधाचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला वाईट म्हणत नाही.

बुधवारी दिवेलागणीला गॅलरीत सगळ्यांना बोलावून सांगितलं की यादी मी लिहिली, कोंडीरामने कुणाचं नाव विकलं नाही. मारतील असं वाटलं होतं. कुणी हातही उचलला नाही. गणपतच्या कमलाबाईंनी एवढंच विचारलं, "मगे इतके दिवस खंय होतंस?" आज नळावर जाईबाई सगळ्यांच्या मध्ये उभ्या होत्या. माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

काल वकिलांबरोबर प्रतिज्ञापत्र करायला कोर्टात गेले. नंबर कुठून मिळवले, असं शपथ देणाऱ्या साहेबांनी विचारलं. चाळीत फिरून मीच गोळा केले, असं सांगितलं. शपथेवर एवढं एकच खोटं बोलले. हे पत्र वाचून जाळून टाका. नऊ जणांना परत घेतील की नाही, वकील सांगत नाहीत. माझं नाव चौकीत जाणार, हे मात्र त्यांनी आधीच सांगितलं होतं. शाळेला मी आज कळवलं की दाखल्याची वाट पाहू नये.

अण्णा बोलत नाहीत. सकाळी कामावर जाताना त्यांनी माझा चहा झाकून ठेवला होता.

तुमचं पत्र काल सकाळीच हातात पडलं. पाकिटावरचं तुमचं अक्षर ओळखलं, न फोडता पिशवीत ठेवलं आणि कोर्टात गेले. सही झाल्यावर तिथल्या पायरीवर बसून वाचलं.

रविवारी तरीही यावं. लोभ मागत नाही, पण वाट बघते.
आपली,
राधा