नकाशातला कडुलिंब

अण्णा, तुमची सही मला मागच्या महिन्यात सापडली. कुठं, तर माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर. शाळा सुटून मला सहा वर्षं झाली, पण भूगोलाची खोड काही सुटली न्हाई. ही पोरगी आपल्या जालन्यातल्या नदीकाठच्या जुन्या वस्तीचा नकाशा करून राह्यलीय. जुने नकाशे, लोकांच्या पेटीतले फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, हे सगळं ताडून पाहायचं आणि कुठं काय होतं ते ठरवायचं. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोबत चला, तुमच्याशी लोक बराबर बोलतात." मंग काय, गुडघ्याला पट्टा बांधून मी निघालेच.

तर तिनं दोन नकाशे शेजारी शेजारी उघडले. एक निजामाच्या वेळचा, नावं सगळी उर्दूत. दुसरी त्याची मराठी नक्कल, आणि खाली कोपऱ्यात 'अस्सलबरहुकूम नक्कल', म्हणजे मुळासारखीच हुबेहूब, असं लिहून तुमची सही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हे माझे वडील, मोजणीच्या कचेरीत नकला करायचे, असं मी तिला सांगितलं. पोरगी खूश. म्हणाली, "मॅडम, यांच्या नकलेत नदीच्या उताराजवळ एक झाड आहे बघा. मूळ नकाशात ते न्हाई. म्हणजे यांनी स्वतः जागेवर जाऊन पाहिलं असणार." मी नुसती हं म्हणाले. ते झाड मला माहीत होतं.

मी नऊ वर्षांची आहे. रविवार आहे, तरी कामाचा गठ्ठा पडलाय म्हणून तुम्ही मला सायकलवर बसवून कचेरीत आणलंय. तुम्ही टेबलावर वाकलेले, जुन्या नकाशावर ते निळसर पारदर्शक कापड ताणून बसवलेलं, आणि मी स्टुलावर बसून तुमच्या पेन्सिलींना टोकं काढतेय. त्या कापडावर नदीच्या उताराजवळचं आपलं घर ज्वारीच्या दाण्याएवढं. आपल्या दारात सावली नव्हती. माझ्या हट्टापायी तुम्ही दोनदा कडुलिंबाचं रोप लावलं आणि दोन्ही वेळा शेजारची बकरी ते खाऊन गेल्ती. आई म्हणाली होती, "आता बकरीच लावा दारात, ती तरी जगंल." तुम्ही चहाला बाहेर गेलात आणि मी तुमचा टाक उचलला. आपल्या दारात असा लिंब काढला की कोणत्याच बकरीचं तोंड पोचू नये. फांद्या, पानं आणि एक झोकासुद्धा.

तुम्ही मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणालात, "जे न्हाई ते काढायचं न्हाई, माय. कागदावर एकदा चढलं का ते खरं होतं." मंग ब्लेड घेऊन ती जागा खरवडत बसलात. मी आईजवळ रडले, म्हणाले, अण्णांना माझ्यापेक्षा त्यांच्या रेघा प्याऱ्या. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, त्यांच्या नोकरीवर आलं असतं." मला नोकरीचं काय पडलं होतं.

तुमचा तो नकाशा मोबाईलवर घेऊन आम्ही वस्तीतल्या एका मामांकडं गेलो. ऐंशीच्या पुढचे, कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म गेलेला, दारात बाजेवर बसलेले. पोरीनं विचारलं, "मामा, हितं कडुलिंब व्हता का?" मामा म्हणाले, "व्हता म्हंजे? पंचमीला आम्ही झोका बांधायचो ना त्याला. बिलकुल हितंच. हा एवढा बुंधा." दोन्ही हात पसरून दाखवलं त्यांनी. पोरीनं भराभरा वहीत लिहून घेतलं. मला ठसकाच लागला. बकरी हरली की हो अण्णा, पन्नास वर्षांनी का होईना.

घरी आल्यावर हसू ओसरलं. पेटीतून आपला तो एकच फोटो काढला. आई दारात उभी, उन्हानं डोळे बारीक केलेले, कडेला ती मेली बकरी. झाडाचं नाव न्हाई. तो फोटो दोन दिवस माझ्या पिशवीत पडून होता. दाखवावा तर तुमची सही खोटी पडणार. नोकरी संपेस्तोवर एक रेघ चुकली न्हाई असं कचेरीतले लोक तुमच्याबद्दल सांगायचे. न दाखवावा तर नसलेलं झाड छापून शाळेच्या भिंतीवर लागणार, आणि ते लावणारी मी भूगोलाची बाई. तुम्ही खरवडलेलं झाड राहिलंच कसं ते बघावं म्हणून शेवटी पोरीला म्हणाले, ते झाड जरा मोठं करून दाखव.

झाडाखालचं कापड खरवडल्यानं खरबरीत दिसत होतं. माझा तो ऐसपैस लिंब झोक्यासकट गेलेला. त्याच जागेवर तुमच्या हातचं झाड होतं, नकाशाच्या नियमातलं, एक बुंधा आणि वर तीन झुपके, मुंगीएवढं. माझं खरवडलंत आणि तिथंच पुन्हा लावलंत. मला पोरीसमोर रडू आलं, आणि लाजही वाटली न्हाई.

मंग मी पिशवीतला फोटो काढून तिच्या हातात दिला. झाड तुझ्या नकाशातून पुसून टाक म्हणाले, आणि तिनं पुसलं. "पण मॅडम, त्यांनी असं का केलं असंल?" मी म्हणाले, "आमच्या शेजारी बकरी होती." मामांना जाऊन सांगितलं, तर ते भडकले. "झाड नव्हतं तर मंग मी झोका काय आभाळाला बांधला व्हता का?" मी म्हणाले, दुसरा लिंब असंल मामा. म्हाताऱ्याचा झोका कशाला तोडायचा.

हे पत्र कुठं टाकणार? आईच्या फोटोमागं घडी करून ठेवते. पण एक राहिलं. माझा लिंब खरवडलात त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही सायकल काढून दारात उभे होतात. म्हणालात, "चल गं, तुला एक दाखवायचंय." मी आतून ओरडले, न्हाई येत. तुम्ही पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. थोडं थांबलात, मंग सायकल गेल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर तुम्ही मला कधी कचेरीत चल म्हणाला न्हाईत. मला वाटलं, काय दाखवणार, त्याच रेघा.

अण्णा, तेव्हा मी मागच्या दाराशी चपला घालून उभी होते. तुम्ही तिसऱ्यांदा विचाराल म्हणून.